लाकडाचे वय आणि चिपची मुदत

सिंगापूरच्या पश्चिम भागात, जेथे पूर्वी खारफुटीची दलदल, कोळंबीची तळी आणि रबराच्या बागा होत्या, तेथे 1961 च्या सुमारास अर्थमंत्री डॉ. गोह केंग स्वी यांनी कारखान्यांचे नगर वसविण्याचा घाट घातला, तेव्हा त्या उपक्रमास लोकांनी 'गोहचा वेडेपणा' असे नाव ठेवले होते. पुढे 1968 साली स्थापन झालेल्या जुरोंग टाउन कॉर्पोरेशनच्या कारभाराखाली त्याच वेडेपणातून कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या पूर्वेकडील टोकास जे जुरोंग ईस्ट आहे तेथे माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे गेली. एमआरटी स्थानकातून उतरून आयएमएम मॉलच्या बाजूने टोह गुआन रस्त्याकडे निघाले की मजलेवार कारखान्यांच्या इमारती लागतात. एका दालनात छापखाना, शेजारी केकची भट्टी, पलीकडे साचे घडविणारा, अशी तेथे सरमिसळ असते. अशाच एका इमारतीत आमचे दुरुस्तीचे दालन होते.

आमचा मूळ व्यवसाय वाद्यांचा नव्हता. आसपासच्या कारखान्यांतील यंत्रांच्या नियंत्रणपेट्या, म्हणजे मोटारीचा वेग राखणारे ड्राइव्ह, भट्टीचे तापमान सांभाळणारे कंट्रोलर, पट्ट्यावरून सरकणारा माल मोजणारे बोर्ड, बिघडले की आमच्याकडे येत. त्यांतले कित्येक 1980 च्या दशकातले होते आणि तरीही चालत, कारण कारखानदारीत इलेक्ट्रॉनिक जिनसांच्या अखेरीचा एक शिरस्ता ठरून गेलेला आहे: चिप बनविणारी कंपनी उत्पादन थांबविण्यापूर्वी लेखी सूचना देते, अमुक तारखेपर्यंत शेवटची मागणी नोंदविण्याची मुभा देते, आणि ज्याला आपले यंत्र आणखी वीस वर्षे चालवायचे आहे तो तेवढ्या चिपा आणून कपाटात ठेवतो, शिवाय यंत्राबरोबर आलेले सर्किटचे आराखडे, सुट्या भागांची यादी आणि जुळवणीचा तपशील कारखान्याच्या दफ्तरी जपलेला असतो. दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे कौशल्य त्या कागदांत असते. ही गोष्ट मी तेथे रोज पाहत होतो, परंतु तिचे मोल कळले ते गिटारी येऊ लागल्यावर.

गिटारी आल्या त्या मालकांमुळे. ते तरुणपणी बँडमध्ये वाजवीत. सिटी हॉलजवळच्या पेनिन्सुला शॉपिंग सेंटरमध्ये गिटारींची जी दुकाने आहेत तेथे त्यांची जुनी ओळख होती, आणि जी गिटार तेथील कारागीर "ही लाकडाची भानगड नाही, आतल्या कॉम्प्युटरची आहे" असे म्हणून बाजूला ठेवीत ती शनिवारी आमच्या टेबलावर येई. लाकडाचे काम पाक चिक पाहत. आम्ही सारे ज्यांना मलायी रिवाजाप्रमाणे पाक चिक, म्हणजे काका, म्हणत असू ते हे वृद्ध सहकारी 1961 साली क्लिफ रिचर्ड आणि शॅडोज सिंगापुरात वाजवून गेले तेव्हा शाळकरी वयाचे होते. त्यानंतरच्या वर्षांत येथे गिटारी घेतलेल्या पोरांचे जे बँड निघाले, ज्यांपैकी 'द क्वेस्ट्स'चे नाव अजून घेतले जाते, त्या लाटेत प्लायवुड कापून स्वतःची गिटार बनविण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. आतल्या बोर्डाचे काम माझ्या वाट्यास येई.

साध्या इलेक्ट्रिक गिटारीच्या पोटात पाहण्यासारखे फारसे काही नसते, आणि तेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य होय. लिओ फेंडर यांची टेलिकास्टर 1950 च्या सुमारास बाजारात आली. लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेले दोन पिकअप, आवाज आणि स्वराची धार कमीअधिक करणारे दोन पोटेन्शिओमीटर, एखाददुसरा कपॅसिटर, एक स्विच आणि एक जॅक एवढाच तिच्यातील ऐवज. त्या काळची गिटार आज बंद पडली तर सिम लिम टॉवरच्या कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानातून किरकोळ किमतीत भाग आणून, कढईत तेल तापेल एवढ्या वेळात ती बोलती करता येते. आराखडा पाहण्याचीही गरज पडत नाही, कारण नुसत्या नजरेने तार कोठून कोठे गेली आहे हे दिसते.

या साधेपणास पहिला मोठा छेद देणाऱ्या गिटारींपैकी माझ्या टेबलावर सर्वांत अधिक आली ती व्हॅरिॲक्स. कॅलिफोर्नियातील लाइन 6 या कंपनीने ती या शतकाच्या आरंभी बाजारात आणली. पहिल्या पिढीच्या व्हॅरिॲक्समध्ये चुंबकी पिकअप मुळीच नव्हते. प्रत्येक तारेच्या टेकूत एकेक पीझो स्फटिक बसविलेला असे. तारेच्या कंपनाचे तो विजेत रूपांतर करी, त्या विजेचे आकडे होत, आणि त्या आकड्यांवर संस्कार करून आतील चिप त्यांतून कधी टेलिकास्टरचा, कधी 1950 च्या दशकातल्या लेस पॉलचा, कधी बारा तारांच्या अकूस्टिक गिटारीचा आवाज उत्पन्न करी. एकच लाकूड आणि दोन डझनांहून अधिक वाद्ये, असा तो दावा होता, आणि वाजणाऱ्या गिटारीपुरता तो पुष्कळसा खराही होता.

न वाजणारी गिटार उघडली की मात्र निराळे दृश्य दिसे. मागच्या झाकणाचे स्क्रू काढले की प्रथम आंबूस वास येई. सहा पेन्सिल सेलची चौकट, तिच्या स्प्रिंगांवर जमलेली हिरवट-पांढरी खार, आणि त्या खारीने वाट काढीत बोर्डाच्या कडेपर्यंत केलेली मजल. सिंगापुरात हवेतील आर्द्रता पहाटे नव्वद टक्क्यांच्या पुढे असणे ही नित्याची गोष्ट आहे. तेथे गळलेला सेल कोरड्या मुलखातल्यासारखा सुकून पडत नाही, तो कुरतडतच राहतो. भिंग लावून पाहिले की चिपच्या पाठीवर चार आकडे दिसत. 0432 म्हणजे 2004 सालचा बत्तिसावा आठवडा. लाकडावर जन्मतारीख कोणी घालत नाही. चिपवर ती छापलेलीच असते, आणि ती वाचून मी मनाशी हिशेब मांडीत असे की हिचा निर्माता अजून हयात आहे का, असल्यास कोणत्या नावाने. त्या काळच्या ध्वनिउपकरणांत मोटोरोलाच्या 56000 कुळातील चिपा सर्रास असत. मोटोरोलाचा चिपा बनविणारा विभाग 2004 साली फ्रीस्केल या नावाने वेगळा झाला आणि 2015 साली एनएक्सपीत विलीन झाला. वारस पुष्कळ झाले, पण वारसाकडे जुन्या चिपची मागणी करता येत नाही.

या गिटारीच्या आवाजांत एक सतारीचाही होता, आणि मी मिरजेकडचा असल्यामुळे त्याची मला विशेष गंमत वाटे. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, तंबोरे आणि सतारी घडत आल्या आहेत. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे तेथे येतात, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनाची सनदही मिळाली. त्या वाद्याचा गुंजणारा स्वर जवारीतून येतो: घोडीचा माथा कानसेने असा किंचित उतरता करावयाचा की तार तिला सरळ न टेकता स्पर्श करीत राहावी. 1960 च्या दशकात न्यू यॉर्कच्या व्हिनी बेल यांनी रुंद, सपाट घोडीची कोरल नावाची विजेची सतार सिद्ध केली, आणि पुढे व्हॅरिॲक्समध्ये तिच्या गुंजनाचे आकडे झाले. कारागिराच्या कानसेतून घोडीत, घोडीतून आकड्यांत असा हा प्रवास आहे. मात्र वाजवून वाजवून घोडीला तारांचे खाचे पडतात, स्वर हळूहळू बसतो, ते कानाला कळते, आणि कारागीर जवारी पुन्हा काढून देतो. आकड्याला खाच पडत नाही, तो पहिल्या दिवसाइतकाच स्वच्छ राहतो आणि एके दिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता, नाहीसा होतो. झिजणाऱ्या वस्तूची सेवा करता येते. न झिजणारी वस्तू बंद पडली म्हणजे तिच्या निर्मात्याचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नसते.

लोकांची अशी समजूत असते की असल्या गिटारीत चिप मरते. टेबलावरचा अनुभव वेगळा आहे. सर्वांत आधी जातात सेल आणि त्यांचे संपर्क. मागोमाग जॅक आणि चपट्या पट्टीच्या केबलींचे सांधे. नंतर वारंवार फिरविले जाणारे निवडस्विच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा लौकिक वाईट आहे खरा, परंतु 105 अंशांना 2000 तासांची हमी दिलेला कपॅसिटर दर दहा अंश थंडाव्यामागे दुप्पट जगतो या ठोकताळ्याने पाहिले तर 45 अंशांवर त्याला सव्वा लाखाहून अधिक तास, म्हणजे अखंड चालविला तरी चौदा वर्षे मिळतात, आणि गिटार काही अखंड चालत नाही. फ्लॅश मेमरीत साठविलेला विद्युत्भार हळूहळू झिरपतो. त्याची हमी बहुधा दहावीस वर्षांची असते. चिप स्वतः या सर्वांना पोचवून मागे राहते. तेव्हा अशी गिटार मरते ती बहुधा चार आण्यांच्या भागापायी, आणि मेलेली राहते ती कागदापायी, कारण तो भाग जेथे जोडला आहे तेथे किती दाब असावा, मेमरीत कोणता प्रोग्रॅम होता, तो परत कसा भरावा, हे सांगणारे कागद गिऱ्हाइकाच्या हाती कधी दिलेलेच नसतात.

पुढे लाइन 6 ने गिटार घडविणारे जेम्स टायलर यांच्या धाटणीची व्हॅरिॲक्सची दुसरी पिढी काढली आणि तिच्यात चुंबकी पिकअप बसविले, त्यामुळे बॅटरी संपली तरी गिटार साध्या गिटारीसारखी वाजत राहते. परंतु पेन्सिल सेलच्या जागी खास घडणीची लिथियम बॅटरी आली, जी तीच कंपनी पुरवील तरच मिळावी. पहिल्या पिढीचा सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पण वीज गेली की ती मुकी. दुसरी वीज गेली तरी बोलते, पण तिचे खाद्य दुर्मीळ. अर्धे शहाणपण एकीत, अर्धे दुसरीत.

याच्या उलट उदाहरण रोलंड या जपानी कंपनीचे. तिने 1977 साली गिटारीच्या सिंथेसायझरचा पहिला प्रयोग केला आणि 1980 च्या सुमारास जीआर-300 काढला. त्या योजनेत गिटार फुजिगेनच्या कारखान्यात बनलेली, उत्तम लाकडाची, साध्या पिकअपांसह. तिच्यावर प्रत्येक तारेसाठी वेगळा पिकअप आणि थोडे सर्किट. स्वर निर्माण करणारे सारे यंत्र मात्र पायाजवळच्या पेटीत, चोवीस पिनांच्या केबलीने जोडलेले. गिटारवादक पॅट मेथिनी यांनी तो स्वर दशकानुदशके वाजविला. पेटी बिघडली तर गिटार शाबूत राहते, गिटार मोडली तर पेटी दुसरीला जोडता येते, आणि पेटी उघडून पाहिली तर तिच्यात ओळखीचे भाग असतात. सांधा कोठे ठेवावा हे ज्यांनी ठरविले त्यांनी, जाणून वा न जाणून, दोघींच्या आयुष्याची वाटणी वेगळी केली. आपल्याकडेही हेच घडले आहे: इलेक्ट्रॉनिक तंबोरा आज गवयाच्या पिशवीत सर्रास असतो, परंतु तो भोपळ्याच्या आत बसविण्याची बुद्धी कोणास झाली नाही, तो शेजारी ठेवला जातो, आणि म्हणून बिघडला की वाद्यास धक्का न लागता बदलला जातो.

या तत्त्वाचा सर्वांत खर्चिक विसर गिब्सन या गिटार कंपनीला पडला, असे मला वाटते. 2007 साली तिने स्वतःच्या खुंट्या स्वतः पिळून सूर लावणारी गिटार आणली. 2010 साली साडेपाच हजार डॉलरांच्या वर किंमत सांगून फायरबर्ड एक्स जाहीर केली, जिच्यात सूर लावणारे यंत्र, आवाजाचे संस्कार आणि ब्लूटूथने बोलणारी पायाची पेडल्स असे सर्व काही एका लाकडात होते. गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली. 2018 साली कंपनीस दिवाळखोरीच्या संरक्षणाचा अर्ज करावा लागला, त्याची कारणे पुष्कळ व्यापक होती. आणि 2019 साली शेकडो फायरबर्ड एक्स जमिनीवर मांडून त्यांवरून यंत्राचे अजस्र पट्टे फिरविल्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्या गिटारी दुरुस्तीपलीकडे गेलेल्या आणि असुरक्षित भागांच्या होत्या, असा खुलासा कंपनीने केला. तो जसाच्या तसा मान्य केला तरी प्रश्न उरतोच: असुरक्षित झाले ते लाकूड नव्हते. पाक चिक ती चित्रफीत पाहून एवढेच म्हणाले, "मानगूट पकडून आणलेल्या चोराबरोबर त्याचे घरही पाडले."

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, इंटरनॅशनल बिझनेस पार्कात, क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीचे मुख्यालय होते. सिम वोंग हू यांनी 1981 साली एका लहान दुकानातून सुरू केलेल्या या कंपनीच्या साउंड ब्लास्टरने 1989 पासून जगभरच्या संगणकांना आवाज दिला, आणि 1993 साली तिने कॅलिफोर्नियाची ई-म्यू ही सिंथेसायझरांची नामांकित कंपनीही विकत घेतली. साउंड ब्लास्टरच्या पाठीशी जो गेम पोर्ट असे त्यातून कित्येकांनी आपली मिडी वाद्ये संगणकास जोडली होती. पुढे विंडोज व्हिस्टाने गेम पोर्टची दखल घेणेच बंद केले आणि एकही भाग न बिघडता ती जोडणी निकामी झाली. लोखंड शाबूत, तांबे शाबूत, फक्त हुकूम बदलला. तरीही कार्ड संगणकातून उपसून काढता येत होते, वाद्य दुसऱ्या तारेने जोडता येत होते, म्हणून नुकसान कार्डापुरते राहिले.

एका शनिवारी क्लेमेंटीत राहणारे एक मराठी गृहस्थ आपल्या मुलीसह पहिल्या पिढीची व्हॅरिॲक्स घेऊन आले. पहिल्या पगारातून घेतलेली गिटार आता मुलीच्या हाती द्यावी, हा हेतू. एका अधिकृत सेवाकेंद्राने भाग शिल्लक नाहीत म्हणून ती परत केली होती.

"अहो, लाकूड बघा ना, ओरखडासुद्धा नाही," ते म्हणाले. "मग ही मेली कशानं?"

बोर्डाच्या आतल्या थरापर्यंत खार उतरली होती. मी तसे दाखविले, कॅरोसेल या जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात दुसरी बंद गिटार मिळाली तर तिचा बोर्ड काढून बसविता येईल हेही सांगितले. मुलगी इतका वेळ तारा चाचपीत होती. तिने विचारले, "काका, हिच्यात साधं वायरिंग नाही का घालता येणार?"

घालता येणार होते. पाक चिकनी पिकअपांसाठी खोबण आखली, राउटरचे पाते एकेका मिलिमीटरने खाली नेत ती कोरली. लाकडाचा भुसा उडाला तेव्हा त्याला ताज्या लाकडाचाच वास होता. मी तारांखालचे सहाही स्फटिक एकेक करून तपासले. टेकूवर नखाने टिचकी मारली की मीटरचा काटा हलत होता. इतक्या वर्षांत एकही मेला नव्हता, कारण स्फटिकाला कोणाची परवानगी लागत नाही, फर्मवेअर लागत नाही, फक्त धक्का लागतो. ते सहाही एका लहानशा प्रीॲम्पला जोडले, जो नऊ व्होल्टच्या कोणत्याही सेलवर चालतो, चुंबकी पिकअप वेगळे नेले, आणि आराखडा एका कागदावर काढून मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविला. वडिलांना दोन डझन वाद्ये गेल्याची हळहळ वाटली हे दिसत होते. मुलीने मात्र प्रथम झाकण उघडून तो कागद वाचला, आणि मग गिटार वाजविली.

उत्पादन थांबविणे हा निर्मात्याचा हक्क आहे, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. बाजार फिरतो, चिपा बदलतात, कंपन्या विकल्या जातात. लाइन 6 स्वतः 2014 पासून यामाहाच्या छत्राखाली आहे. परंतु ही वस्तू आम्ही आता बनविणार नाही, हिचे भाग देणार नाही, आणि ही कशी बनविली हेही सांगणार नाही, अशी तिन्ही विधाने एकाच वेळी करण्याचा अधिकार कोणास असावा असे मला वाटत नाही. पहिली दोन व्यापाराच्या गरजेतून येतात. तिसऱ्यातून कोणाचाही लाभ होत नाही, कारण बंद पडलेल्या गिटारीच्या आराखड्याची चोरी करून कोणताही स्पर्धक श्रीमंत होत नसतो. लाकूड शंभर वर्षे टिकावे म्हणून झाड तोडण्यापासून लाखेच्या शेवटच्या हातापर्यंत जी काळजी घेतली जाते तिच्या शंभराव्या हिश्शाने आतल्या बोर्डाचा कागद सार्वजनिक करण्याची तजवीज केली, तर चिपची मुदत लाकडावर लादली जाणार नाही.

तोवर आम्ही आमच्यापुरती व्यवस्था केली. उघडलेल्या प्रत्येक बोर्डाच्या वाटा मल्टिमीटरने शोधून त्याचा आराखडा हाताने काढावयाचा, शेजारी तारीख आणि कोणता भाग कोणत्या भागाने बदलता येतो हे लिहावयाचे, आणि ते कागद कारखान्यांच्या फायलींच्याच कपाटात, वेगळ्या कप्प्यात लावावयाचे. जो मागेल त्यास त्यांची नक्कल देण्याचा आमचा शिरस्ता होता, आणि त्याबद्दल कोणत्याही कंपनीने आजवर हरकत घेतलेली नाही.